प्रशिक्षण घ्यायचे, पण प्रश्न आपलाच मांडायचा

आपल्या चळवळीत आता कॅमेऱ्यांची टंचाई नाही. १४ एप्रिलची मिरवणूक, ६ डिसेंबरची चैत्यभूमी, एखाद्या गावातला अत्याचार आणि त्यानंतर निघालेला मोर्चा, सगळे कोणाच्या ना कोणाच्या मोबाईलमध्ये आहे. तरीही आपले जगणे माहितीपट होऊन जगभर दाखवले जाते, तेव्हा दिग्दर्शक आणि निर्माता म्हणून नाव बहुतेक वेळा दुसऱ्याचे असते. आपण असतो पडद्यावर, रडताना किंवा घोषणा देताना. असे का होते, याचे उत्तर 'सवर्ण माध्यमे' या दोन शब्दांत देऊन आपण मोकळे होतो. ते उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. चित्रपटाला पैसा कुठून येतो, तो कोण मिळवू शकतो आणि त्याच्या अटी कोण ठरवतो, हे समजून घेतल्याशिवाय उत्तर पूर्ण होत नाही.

पूर्ण लांबीच्या माहितीपटाला तीन-चार वर्षे सहज लागतात. तेवढा काळ दिग्दर्शकाचे पोट, कॅमेरा, प्रवास, संकलन, ध्वनी, सगळे चालले पाहिजे. अशा कामाला पैसे देणाऱ्या संस्था आपल्या देशात बोटांवर मोजण्याइतक्या. म्हणून माहितीपटवाले बाहेर बघतात. आम्स्टरडॅमच्या इडफा महोत्सवात १९९३पासून 'फोरम' नावाचा बाजार भरतो. टोरोंटोच्या हॉट डॉक्समध्येही तसा भरतो. आपल्याकडे कोलकात्यात 'डॉकएज' आहे आणि गोव्यात एनएफडीसीचा फिल्म बाजार २००७पासून आहे. तिथे २०२३मध्ये माहितीपटांसाठी सहनिर्मितीचा वेगळा बाजार सुरू झाला. अशा ठिकाणी काही मिनिटांत आपली फिल्म मांडायची, छोटी झलक दाखवायची आणि समोर बसलेल्या वाहिन्या, निधीवाले, निर्माते यांच्या प्रश्नांना उत्तरे द्यायची. याला पिचिंग म्हणतात.

सहनिर्मिती म्हणजे देणगी नव्हे. परदेशी निर्माता आपल्या देशातून पैसा आणतो आणि त्या बदल्यात फिल्मच्या हक्कांत आणि निर्णयांत वाटा घेतो. कित्येक निधींचे दार तर त्याच्याशिवाय उघडतच नाही. बर्लिनच्या वर्ल्ड सिनेमा फंडाला जर्मन भागीदार लागतो, फ्रान्सच्या जागतिक सिनेमासाठीच्या निधीला फ्रेंच निर्माता लागतो. म्हणजे आधी ओळख, मग अर्ज. आणि ओळख हीच तर या देशात जातीने वाटलेली सर्वांत मोठी इस्टेट आहे. ज्याचा मामा जाहिरात कंपनीत आणि मावशी लंडनमध्ये, त्याला पिच म्हणजे काय हे घरच्या जेवणाच्या टेबलावर कळते. आपल्या पोराला ते कळण्याची एकच जागा असते, प्रशिक्षण वर्ग.

अशाच एका वर्गाला मी बसले होते. माझा विषय मराठवाड्यातल्या गायरान जमिनीचा. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहापासून आपली माणसे ज्या पडीक जमिनी कसत आली, दर पिकाला ज्यांच्यावर नांगर फिरवण्याची धमकी मिळते आणि सातबाऱ्यावर ज्यांचे नाव अजून चढत नाही, त्यांची फिल्म. आमच्या मार्गदर्शक युरोपातून आलेल्या, अनुभवी, मनाने चांगल्या. त्यांनी जे शिकवले ते मी आजही वापरते. फिल्मचा गाभा दोन वाक्यांत लिहायचा. पुढच्या वर्षभरात काय घडणार आहे आणि कॅमेरा तेव्हा कुठे असेल, हे सांगता आले पाहिजे. बजेटमध्ये स्वतःचा पगार लिहायचा, कारण ज्याच्या बजेटमध्ये दिग्दर्शक फुकट राबतो त्याचे बजेट कोणी गंभीरपणे घेत नाही. शेवटचे वाक्य मला विशेष पटले. फुकट राबण्याची अपेक्षा आपल्याकडून पिढ्यान् पिढ्या केली गेली आहे.

पण तिसऱ्या दिवशी सल्ले बदलू लागले. पंचवीस कुटुंबे नकोत, एकच बाई घ्या. तिचे स्वप्न दाखवा. शेवटी आशा हवी. सातबारा, गायरान, तलाठी हे प्रेक्षकाला कळणार नाही, काढून टाका. आणि मग, ही गोष्ट वर्णभेदासारखी मांडली तर आमच्याकडे लगेच समजेल. मी म्हणाले, त्या गावात मालक आणि कसणारा यांच्या कातडीचा रंग एकच आहे. एकटी बाई तिथे लढत नाही, पूर्ण वस्ती लढते. एकीला नायिका केले की बाकीची चोवीस कुटुंबे पार्श्वभूमी होतात आणि जमिनीचा प्रश्न तिच्या जिद्दीचा प्रश्न होतो. वर्ग शांत झाला. मला प्रेमाने सांगण्यात आले की मी 'फार जवळ' आहे, थोडे अंतर घ्यायला शिकावे. जवळ असणे हा दोष आहे, हे मला तिथे प्रथमच कळले!

मित्रहो, हा वाद आजचा नाही. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या बाबासाहेबांनी जातिसंस्थेवर निबंध वाचला. शिष्यवृत्ती बडोद्याच्या सयाजीरावांची, सभागृह अमेरिकेचे, शिस्त पाश्चात्त्य मानववंशशास्त्राची. पण त्यांनी सेनार, नेसफिल्ड, रिस्ले यांच्या व्याख्या समोर ठेवून तपासल्या आणि त्या का पुऱ्या पडत नाहीत ते दाखवले. युरोपीय अभ्यासक स्वतः रंगाच्या पूर्वग्रहात वाढल्यामुळे जातीतही रंगच शोधतात, असे त्यांनी त्यांच्याच दारात सांगितले. जातीचे मूळ त्यांनी अंतर्विवाहात दाखवले. बाबासाहेबांनी तिथली साधने पुरेपूर घेतली, व्याख्या मात्र आपली मांडली. परदेशी मार्गदर्शकासमोर कसे बसावे याचा याहून चांगला धडा कोणत्याही फिल्म लॅबमध्ये मिळणार नाही.

व्याख्या दुसऱ्याच्या हाती गेली की काय होते? 'रायटिंग विथ फायर' हा माहितीपट घ्या. 'खबर लहरिया' या बुंदेलखंडातल्या दलित महिलांच्या पत्रकारितेवरचा. २०२१ मध्ये सनडान्सला त्याला पुरस्कार मिळाले, पुढच्या वर्षी ऑस्करचे नामांकन मिळाले. फिल्म ताकदीची आहे, हे 'खबर लहरिया'नेही मान्य केले. पण ऑस्करच्या तोंडावर, मार्च २०२२ मध्ये त्यांनाच निवेदन काढावे लागले की एकाच पक्षाच्या वार्तांकनावर भर देऊन उभे केलेले हे चित्र आमच्या कामाचे अचूक चित्र नाही. दिग्दर्शकांच्या हेतूवर मला शंका घ्यायची नाही. मुद्दा असा की ज्या बायका रोज स्वतः बातमी लिहितात, त्यांना स्वतःवरच्या फिल्मबद्दल खुलासा लिहावा लागला.

आता उलट बाजू. 'म्हणजे आपल्याला त्यांचे प्रशिक्षणच नको' असे म्हणणारे आपल्यातही आहेत. त्यांच्याशी मी सहमत नाही. प्रशिक्षण हे दार असू शकते आणि अडसरही. केरळ सरकार अनुसूचित जाती-जमातींच्या दिग्दर्शकांना फिल्मसाठी दीड कोटी रुपयांपर्यंत साहाय्य देते. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या चित्रपट धोरण परिषदेत अडूर गोपालकृष्णन म्हणाले की, पैसे देण्याआधी या लोकांना किमान तीन महिने प्रशिक्षण द्यावे आणि दीड कोटी एकाला देण्याऐवजी पन्नास-पन्नास लाख तिघांना द्यावेत. सभागृहातच त्यांना विरोध झाला, तो योग्यच होता. शिकण्याला कोणाचा विरोध नाही. पण सिनेमावाल्याच्या घरात जन्मलेल्याला कोणी आधी तीन महिन्यांचे प्रमाणपत्र मागत नाही. आपल्याला मागितले जाते, तेव्हा त्या शब्दाचा अर्थ 'तुमची लायकी आधी आम्ही तपासू' असा होतो.

म्हणून प्रशिक्षण आपण आपल्या अटींवर उभे केले पाहिजे. बार्टी स्पर्धा परीक्षांचे वर्ग चालवते, तर माहितीपट लेखन, बजेट आणि करारवाचन यांचा वर्ग का नको? ही मागणी संघटनांनी लावून धरावी. सरकार ऐकेपर्यंत आपल्यातले वकील, सीए, इंग्रजीचे प्राध्यापक आणि दोन-चार अनुभवी संकलक मिळून महिन्याचा एक रविवार देऊ शकतात. अर्जाचे इंग्रजी तपासून देणारा एक माणूस, पिचची तालीम घेणारा दुसरा, एवढ्यानेही फरक पडतो. परदेशी अनुदान घेणे आणि परदेशी निर्मात्याशी व्यावसायिक करार करणे या कायद्याच्या नजरेत वेगळ्या गोष्टी आहेत. एफसीआरएच्या काळात पहिला रुपया येण्याआधी सीएला विचारा.

आणि करारात चार गोष्टी सोडू नका. शेवटची कात्री कोणाच्या हाती, हे स्पष्ट लिहून घ्या. मूळ चित्रीकरण कोणाकडे राहणार ते लिहा, कारण वस्तीने विश्वासाने दिलेली साक्ष उद्या दुसऱ्याच्याच फिल्ममध्ये निघू शकते. ज्यांचे चित्रीकरण केले त्यांना प्रदर्शनाआधी फिल्म दाखवण्याची अट घाला. आणि विहार, वस्ती, वसतिगृह, कॉलेज इथे मराठीत विनामूल्य दाखवण्याचा हक्क स्वतःकडे राखा. नाहीतर फिल्म बर्लिनला दिसेल आणि बीडला दिसणार नाही.

आनंद पटवर्धनांना 'जय भीम कॉम्रेड' करायला चौदा वर्षे लागली. रमाबाई नगरच्या गोळीबारानंतर सुरू झालेले ते काम कोणत्याही लॅबच्या वेळापत्रकात बसले नसते. ती फिल्म आपल्यासोबत उभ्या राहिलेल्या माणसाने केली, याची कृतज्ञता आहेच. पण पुढची चौदा वर्षे मोजायला आपल्यातल्या कोणीतरी आज सुरुवात केली पाहिजे. तुमच्या मोबाईलमध्ये जे साठले आहे त्यातून एक विषय निवडा, दोन वाक्यांत लिहा आणि आपल्या माणसांसमोर वाचून दाखवा. परदेशी पाहुण्याला प्रश्न समजावण्याआधी आपल्या वस्तीला तो पटला पाहिजे.

जय भीम.