साधं टाकायचं की पॉवरवालं?

नया नगरात जोरदार टर्बो गाडी घेऊन करायचं काय, आणि वर तिला महागाचं पेट्रोल कशाला पाजायचं? लेख मागताना संपादकांनी हा टोमणाही सोबत पाठवला. मिरा रोड स्टेशनच्या पूर्वेकडच्या त्या गल्ल्यांत दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या, मधून रिक्षा. दुसऱ्या गिअरच्या वर जाण्याची वेळ क्वचितच येते. त्या वेगाला साधं पेट्रोल पुरून उरतं, हे मान्य. पण इंजिन ट्यूनिंगच्या धंद्यात केस पांढरे केलेल्या प्रस्तुत लेखकाच्या डोक्यातून यंदा जी केस जात नाही, ती नेमकी नया नगरचीच आहे.

गाडी जर्मन टर्बो हॅचबॅक, बाहेरून ट्यून करून घेतलेली. तरुण मालकाची तक्रार अशी, की घोडबंदर रोडला गायमुखच्या घाटात पिकअप मरतो. टाकीत कायम ‘पॉवरवालं’ असतं, असं तो शपथेवर सांगत होता. एवढे पैसे मोजल्यावर गाडीने पळायलाच हवं, असा त्याचा हिशेब.

हिशेब चुकतो तो इथेच. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोलचं मिश्रण दाबलं जातं, तापतं. ठिणगी पडल्यावर ज्योत एका टोकाकडून पसरत असताना उरलेलं मिश्रण कधी कधी तिची वाट न पाहता आपणहून भडकतं आणि पत्र्याच्या डब्यात खिळे खुळखुळावेत तसा आवाज येतो. याला नॉकिंग म्हणतात. पेट्रोल त्याला किती दाद देत नाही, त्याचा आकडा म्हणजे ऑक्टेन. 1920च्या दशकात ग्रॅहम एडगर या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने ही मोजपट्टी बसवली : आयसोऑक्टेनला 100, हेप्टेनला 0. म्हणून 100 ऑक्टेनच्या लिटरात 91च्या लिटरापेक्षा जास्त ऊर्जा असेलच असं नाही.

युट्यूबने गोंधळात भर घातली आहे. अमेरिकेतल्या पंपांवर दोन चाचण्यांची सरासरी लिहितात. आपण आणि युरोप फक्त ‘रिसर्च’ चाचणीचा आकडा धरतो. त्यामुळे तिथलं 87 म्हणजे साधारण आपलं 91. तिथल्या प्रीमियमवरचा 91 पाहून ‘आपलं साधंच त्यांचं प्रीमियम’ असं सांगणारे भेटले, की लेखक हल्ली वाद घालत नाही, चहा मागवतो.

मग महागडं पेट्रोल नेमकं कोणाच्या उपयोगाचं? ज्या इंजिनाचा नकाशा, म्हणजे कोणत्या वेगाला ठिणगी कधी आणि टर्बोचा दाब किती याचा तक्ता, जास्त ऑक्टेन गृहीत धरून लिहिलेला आहे, त्याच्या. अशा इंजिनाला कमी ऑक्टेनचं दिलं की नॉकिंग सुरू होतं, इंजिनाच्या ब्लॉकवर बोल्टने घट्ट बसवलेला नॉक सेन्सर थरथर टिपतो आणि संगणक ठिणगी उशिरा पाडतो. इंजिन वाचतं, ताकद जाते. चाकणहून बाहेर पडणारी 1.5 लिटर टर्बोची व्हर्टस आपल्या पंपांवरचं पेट्रोल धरूनच बेतलेली आहे. 2025 मध्ये तयार आयात झालेल्या गोल्फ जीटीआय किंवा ऑक्टाव्हिया आरएसची, प्रत्येकी 265 पीएसची, गोष्ट वेगळी. तिथे झाकणाआडच्या स्टिकरवर जो आकडा असेल, त्याच्या खाली उतरू नये. आणि फार मोठ्या फरकाची आशाही ठेवू नये. ज्या गाड्यांना प्रीमियम ‘सुचवलेलं’ असतं, पण सक्तीचं नसतं, अशा गाड्यांवर अमेरिकेतल्या एएए या वाहनचालकांच्या संघटनेने 2017 मध्ये चाचण्या घेतल्या. अ‍ॅव्हरेज सरासरी 2.7 टक्क्यांनी वाढलं, ताकद 1.4 टक्क्यांनी.

आता लेखकाच्या आवडत्या भांडणाकडे. ई20वर, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर, टीका झाली तेव्हा ऑगस्ट 2025 मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने आकडे मांडले : पेट्रोलचा ऑक्टेन 84.4, इथेनॉलचा सुमारे 108.5, आणि वीस टक्के मिश्रणाचा 95. शाळेतली सरासरी काढली तर उत्तर 89 येतं, म्हणून हे आकडे खोटे असल्याची बोंब झाली. ती बोंब चुकीची होती. इथेनॉल मिश्रणात आपल्या वाट्यापेक्षा जास्त ऑक्टेन देतो, हे इंधनाच्या प्रयोगशाळांना ठाऊक आहे. शिवाय तो सिलिंडरमध्ये जाताना हवा थंड करतो, म्हणून टर्बोवाल्यांना तो आवडतोही. खरा प्रश्न पुढचा आहे, आणि तो कोणी विचारत नाही : साधं ई20 जर 95चं असेल, तर लिटरमागे काही रुपये जादा देऊन 95चं प्रीमियम घ्यायचं कशासाठी? बीएस-सहाच्या मानकाने साध्या पेट्रोलला 91ची किमान रेषा आखून दिली. तेव्हा पंपाच्या टाकीत 91 आहे की 95, ते मशीनवर लिहिलेलं नसे आणि नळी धरणाऱ्या पोराला माहीत असण्याचं कारण नव्हतं. त्यात 95च्या प्रीमियममध्येही इथेनॉल असतोच. ‘आम्ही प्रीमियम भरतो, म्हणून ई20चा त्रास नाही’ असं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकांना हे सांगितलं की ते लेखकाकडेच संशयाने बघतात. अ‍ॅव्हरेजचं म्हणाल, तर इथेनॉलच्या लिटरात ऊर्जा साधारण एक तृतीयांश कमी. ई10ला जुळवलेल्या जुन्या चारचाक्यांत 6-7 टक्के घट येईल, असं नीती आयोगाच्या 2021च्या अहवालातच छापलेलं आहे.

तर नया नगरची गाडी. लॅपटॉप जोडून फेरी मारली. काशीमिऱ्यापर्यंत रांगत आल्यावर इंजिनात जाणारी हवा 60 अंशांवर पोचली होती. गल्लीत ऑक्टेनची गरज नाही हे खरं, पण तिथला उकाडा गाडी पोटात घेऊन बाहेर पडते. घाटात 2400 आरपीएमला पाय दाबला आणि तिसऱ्या सिलिंडरची ठिणगी संगणकाने सहा अंश मागे ओढली. बाकीच्या तिघांची जेमतेम दोन. टाकी रिकामी करून 100 ऑक्टेनचं भरलं. डिसेंबर 2020 मध्ये इंडियन ऑइलने एक्सपी-100 आणलं तेव्हाच त्याचा भाव लिटरला 160 रुपयांच्या आसपास होता, म्हणजे रोज भरायची ही चीज नव्हे. तिघांची तक्रार मिटली. तिसऱ्याची निम्मीच.

बोअरस्कोप आत घातला तेव्हा इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर काळा, तेलकट थर दिसला. तिसऱ्यावर सर्वांत जाड. ‘इंजिन साफ ठेवतं’ ही प्रीमियमची जाहिरात इंजेक्टरपुरती खोटी नाही. पण या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. व्हॉल्व्हच्या पाठीला त्याचा थेंबही लागत नाही, मग त्यातलं साफ करणारं रसायन तिथे पोचणार कसं? नॉकिंगचं पूर्ण कारण हा थरच होता, असं लेखक छातीठोकपणे म्हणणार नाही. तसे पुरावे हाती नाहीत. अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या दाबाने मारून व्हॉल्व्ह साफ केले, ट्यून थोडा उतरवून 95ला जुळवला, आणि घाटात तिसरा सिलिंडर बाकीच्यांच्या रांगेत आला. मालक आता 95 भरतो आणि खूश आहे. बिलातला अक्रोड मात्र त्याला अजून पटलेला नाही.