पुरीच्या किनाऱ्यावर आमची कचेरी

कोलकात्यातील कचेऱ्यांना पुरीचे वेड फार. मराठी माणसाला देवासाठी पंढरपूर आणि हवेसाठी महाबळेश्वर अशी दोन गावे लागतात. बंगाली माणसाची दोन्ही कामे पुरीस होतात. रात्री हावड्यास गाडीत बसावे आणि सकाळी पाचशे किलोमीटरांवर समुद्राच्या वाऱ्यात उतरावे. पुष्कळ बँका, कंपन्या आणि कर्मचारी-संघ यांनी आपल्या लोकांसाठी तेथे ‘हॉलिडे होम’ ठेवलेली आहेत. खोल्या साध्या, भाडे माफक आणि स्वयंपाकघरात भांडीकुंडी तयार. बाजारातून मासे आणावेत आणि सर्वांनी मिळून शिजवावेत, अशी तेथली रीत.

आमच्या कचेरीतील आम्ही सतरा जण २०२३ च्या डिसेंबरात असेच पुरीस गेलो. त्यासाठी वर्षभर दरमहा प्रत्येकी तीनशे रुपये बाजूला टाकले होते. एकूण ६१,२०० रुपये जमले. हिशेब अर्थातच बडेबाबूंकडे. बंगालमध्ये हेडक्लार्कला बडेबाबू म्हणतात. त्या पदाचे नाव आता बदलले असले तरी माणसाचे संबोधन बदललेले नाही.

बडेबाबूंविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून मला पुढे जाता येणार नाही. २०१८ साली रत्नागिरीस माझे वडील अत्यवस्थ झाले, तेव्हा माझा रजेचा अर्ज एका कागदाच्या अभावी त्यांनी तीन दिवस अडवून धरला होता. मी घरी पोहोचले तेव्हा वडील बोलण्याच्या पलीकडे गेले होते. त्या दिवसापासून आम्हा दोघांमध्ये कामापुरतेच बोलणे राहिले. सहलीला जावे की न जावे, याचा मी बरेच दिवस विचार करीत होते. अखेर गेले ती समुद्रासाठी. कोकणातल्या मुलीला चौदा वर्षे नुसती हुगळी पाहून कशी पुरावी?

पहिल्याच पहाटे मी किनाऱ्यावर गेले आणि क्षणभर दिशा चुकल्यासारखे झाले. आम्ही लहानपणापासून सूर्याला समुद्रात बुडताना पाहिलेले. येथे तो समुद्रातून वर येत होता! पाणी आधी शिशासारखे करडे होते, मग तांबूस झाले, आणि दूरवर मासेमारीच्या होड्या काळ्या ठिपक्यांसारख्या दिसू लागल्या. आमचे रोखपाल शेजारी उभे राहून तेच दृश्य फोनच्या पडद्यात पाहत होते. त्यांना मी काही बोलले नाही. सहलीत एवढे सोसावेच लागते.

समुद्रही आमच्या ओळखीचा नव्हे. कोकणात भरती-ओहोटीचा फेर मोठा. ओहोटीला पाणी दूरवर मागे जाते आणि ओली वाळू चालावयास मोकळी होते. येथे तो फेर लहान आहे. पण किनारा लवकर खोल होतो, त्यामुळे लाट पायांजवळ येऊनच उंच उठते आणि आदळते. शिवाय आणलेले पाणी तिला परत न्यावयाचे असते. वाळूच्या दोन बांधांमध्ये जेथे सखल जागा असेल, तेथून ते अरुंद पण जोरकस ओघाने आत जाते. या ओघावर लाट फुटत नाही, म्हणून वरून पाहणाराला तीच जागा सर्वांत शांत वाटते, आणि नवखा माणूस नेमका तेथेच उतरतो. ओढ लागलीच तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नये, कारण पट्टीचा पोहणाराही त्यात दमतो. किनाऱ्याला समांतर पोहत ओघाबाहेर पडावे आणि मगच परतावे.

हे सारे मला एका नोलियाने शिकविले. नोलिया हे मूळचे आंध्र किनाऱ्यावरचे तेलुगू बोलणारे कोळी. पुरीच्या पेंटाकोटा वस्तीत ते पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. मासेमारी हा त्यांचा धंदा, आणि यात्रेकरूंना हाताला धरून समुद्रस्नान घालणे ही जोडीची मिळकत. त्यांची शंकूच्या आकाराची टोपी पुरीची खूणच होऊन बसली आहे. आमच्या गटापाशी येऊन बसलेल्या नोलियाचा पहिला धडा एवढाच होता, की लाटेकडे पाठ करू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने तासाचे दोनशे रुपये सांगितले. बडेबाबूंनी वही उघडली, चष्मा सावरला आणि म्हणाले, “अंदाजपत्रकात ही बाब नाही.” मग धोतर खोचून ते स्वतः गुडघाभर पाण्यात गेले. काही वेळाने वही वाळूवर उघडी राहिल्याचे त्यांच्या लक्षात आले आणि ती उचलण्यास शिपाईकाकांना सांगण्यासाठी ते मागे वळले.

लाट पाठीवर आली. ते पडले, उठले, पुन्हा पडले, आणि पाहता पाहता त्यांचे डोके आमच्यापासून पंधरा-वीस हात आत दिसू लागले. आम्ही सोळा माणसे ओरडत होतो. माझ्याने पाऊलही उचलवेना. त्या क्षणी माझ्या मनात त्यांच्याविषयी राग होता की नव्हता, हे मी पुष्कळदा आठवून पाहिले आहे. भीतीखेरीज मला काही आठवत नाही.

ज्याला आम्ही पैसे नाकारले होते, तो नोलिया तोवर पाण्यात शिरलाही होता. त्याने बडेबाबूंना काखेत धरले आणि किनाऱ्याकडे न येता तिरकस, आमच्यापासून दूर दूर नेऊ लागला. आमच्या टंकलेखिकाबाई रडत म्हणाल्या, “अहो, हा त्यांना कुठे नेतो आहे?” बऱ्याच अंतरावर दोघे वाळूला लागले. बडेबाबूंनी पाणी ओकून टाकले, डोळे उघडले आणि प्रथम नाकावर हात नेला. चष्मा समुद्रात गेला होता.

त्या चष्म्याने पुढचे दोन दिवस बदलून टाकले. फार जाड भिंगांचा तो चष्मा. नवा कोलकात्यासच मिळावयाचा. त्याच्यावाचून त्यांना चार हातांपलीकडचे काही दिसेना. शिपाईकाका स्वयंपाकात गुंतलेले, म्हणून कोणार्कच्या बसमध्ये त्यांच्या शेजारची जागा माझ्याकडे आली.

पुरीहून कोणार्क पस्तीस किलोमीटर. वाटेत समुद्राकाठी सुरूची बने लागतात. ३ मे २०१९ रोजी ‘फणी’ चक्रीवादळ पुरीजवळ किनाऱ्यावर आदळले, तेव्हा त्यांतली असंख्य झाडे मोडली. त्या वेळी दहा लाखांहून अधिक लोकांना आधीच सुरक्षित जागी हलविले होते, हे ओडिशाने केलेले मोठे काम. तेराव्या शतकातले सूर्यमंदिर मी बडेबाबूंना शब्दांनी दाखवीत गेले: चोवीस चाके, सात घोडे, आणि कोसळू नये म्हणून १९०३ साली वाळू भरून बंद केलेला सभामंडप. एका चाकापाशी त्यांनी विचारले, “आरे किती?” मी मोजून सांगितले, “मोठे आठ आणि त्यांच्यामध्ये बारीक आठ.” त्यांनी मान हलविली, नोंद बरोबर झाल्यावर हलवितात तशी.

तिसऱ्या दिवशी जगन्नाथाचे दर्शन. सिंहद्वारासमोर एकसंध दगडाचा अरुणस्तंभ आहे. तो मूळचा कोणार्कचा. अठराव्या शतकात, नागपूरकर भोसल्यांचा अंमल ओडिशावर असताना तो पुरीस आणून उभा केला. मी हे सांगताच बडेबाबू म्हणाले, “म्हणजे तुमच्याच लोकांनी त्याची बदली केली!” पाच वर्षांत त्यांनी माझ्याशी केलेला तो पहिला विनोद.

मंदिरात हिंदूंखेरीज इतरांना प्रवेश नाही. आमच्या टंकलेखिकाबाई ख्रिस्ती. “तुम्ही सर्वजण जाऊन या,” त्या हसून म्हणाल्या आणि आमचे फोन व चपला सांभाळीत बाहेर बसल्या. आत फोन नेता येत नाही, तेव्हा त्यांचा उपयोगच झाला, असे कोणीतरी म्हणाले. ते मला आवडले नाही.

दर्शन आटोपून आम्ही आनंदबाजारात आलो. चुलीवर मडक्यांवर मडकी रचून शिजविलेला भात, डाळ आणि भाज्या येथे महाप्रसाद म्हणून मिळतात. त्यात कांदा-लसूण नाही, बटाटा-टोमॅटोही नाही. महाप्रसादाला जातीचा विटाळ नाही, हे पुरीचे जुने वैशिष्ट्य. कोणीही कोणाच्याही पंक्तीला बसावे. आमची मंडळी बसू लागली, तोच बडेबाबू म्हणाले, “पाने सतरा मांडावयाची आहेत. येथे सोळाच आहेत.” मडकी बाहेर आणली गेली. हॉलिडे होमच्या ओसरीवर केळीची पाने मांडून आम्ही सतरा जण एका पंक्तीला जेवलो. मी घरून आणलेल्या आमसुलांची सोलकढी केली होती. तिच्या गुलाबी रंगाविषयी रोखपालांना शेवटपर्यंत शंका वाटत राहिली.

संध्याकाळी बडेबाबू म्हणाले, “मला स्वर्गद्वारापर्यंत न्याल का?” स्वर्गद्वार हे समुद्राकाठचे स्मशान. येथे अग्नी मिळावा म्हणून दूरदूरच्या लोकांची इच्छा असते. १९८७ साली वडिलांना घेऊन ते येथे आले होते. त्यानंतर पुरीस आले ते आता. दोन चिता जळत होत्या आणि पलीकडे मुले फुगे उडवीत होती. बराच वेळाने त्यांनी विचारले, “त्या वेळी तुमचे वडिलांशी बोलणे झाले होते का?”

“नाही,” मी म्हटले.

ते काही बोलले नाहीत. मीही त्यांना मोकळे करील असे काही बोलले नाही. परतताना वाळूत त्यांचा पाय अडखळला, तेव्हा माझा हात त्यांनी घट्ट धरला.

परतीच्या गाडीत त्यांनी वही माझ्यापुढे सरकविली आणि खर्च सांगू लागले. मासळी, भाजी, बसभाडे, महाप्रसाद. “नोलिया,” ते म्हणाले, “एक हजार.” ते पैसे त्यांनी सहलीच्या निधीतून नव्हे, स्वतःच्या खिशातून दिले होते, हे मला ठाऊक होते. तसे मी म्हणताच ते विचारात पडले.

“मग खर्चात नको,” ते म्हणाले. “पण नाव राहू द्या. रकमेच्या जागी रेघ मारा.”

मी रेघ मारली. पावतीचे त्यांनी विचारले नाही.