हनुवटीवरचे केस

ज्या विषयावर मायलेकीसुद्धा उघड बोलत नाहीत, त्यावर आज लिहिते आहे. बाविसाव्या वर्षापासून माझ्या हनुवटीवर राठ, काळे केस येतात. दहा दिवसांनी दोरा, मध्येच चिमटा, असे पंधरा वर्षे चालले. केस निघायचे, पुन्हा यायचे. कातडीवर मात्र काळे डाग राहायचे.

शेवटी सरकारी रुग्णालयाच्या त्वचा विभागात गेले. डॉक्टरबाईंनी आधी पाळीची चौकशी केली, रक्त तपासले, सोनोग्राफी करायला लावली. पीसीओएस हा बीजकोशाचा विकार निघाला. त्यावर उपचार केले नाहीत तर लेसरनंतरही नवे केस येत राहतात. केस एकाएकी वाढले, आवाज घोगरा झाला, तर मुळीच उशीर करू नये, असेही त्यांनी बजावले.

लेसरची तारीख मिळाली, पण त्याआधी सहा आठवडे दोरा, चिमटा, वॅक्स सगळे बंद! लेसरचा प्रकाश केसातला काळा रंग धरतो आणि त्याची उष्णता मुळापर्यंत जाते. केस मुळासकट उपटला तर प्रकाशाने धरायचे काय? म्हणून ब्लीचही नको. पांढऱ्या केसावर लेसर चालत नाही. त्याला विजेच्या सुईची पद्धत आहे.

मी मसाल्याच्या कारखान्यात पाकिटे भरते. दिवसभर बायांच्या समोरासमोर बसायचे. सहा आठवडे तोंड कसे दाखवायचे? डॉक्टरबाई म्हणाल्या, "रेझर वापरा. त्याने केस वरून कापला जातो, मूळ जागेवर राहते."

घरी सासूबाई म्हणाल्या, "अगं, बाईमाणसानं दाढी करायची? उद्या पुरुषासारखी येईल!" ही भीती घरोघरी आहे, पण खरी नाही. दाढी केल्याने केस दाट होत नाहीत, हे मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ बाईंनी १९२८ सालीच तपासून दाखवले. केसाचे टोक निमुळते असते. कापल्यावर ते बोथट होते, म्हणून हाताला खरखरीत लागते, एवढेच.

रेझर मात्र स्वतःचा वेगळा ठेवावा. नवऱ्याचा, भावाचा घेऊ नये. रक्तातून रोग पसरतात. कोमट पाण्याने तोंड धुऊन, फेस लावून, केसाच्या दिशेने हलक्या हाताने फिरवावा. पुटकुळीवर लावू नये. उन्हात ओढणी किंवा छत्री घ्यावी. रापलेली कातडी लेसरने भाजू शकते. आपल्या सावळ्या कातडीला एनडी-याग लेसर अधिक सुरक्षित असतो, तेव्हा यंत्र कोणते ते विचारावे. एका बैठकीत काम होत नाही आणि सगळे केस कायमचे जातील अशी हमीही नसते. पैसे भरण्याआधी हे समजून घ्यावे.

माझा रेझर आता आरशाजवळच असतो. चौदा वर्षांच्या लेकीने विचारले, तेव्हा तिला सगळे सांगितले. तिच्या ओठावर लव दाटू लागली आहे आणि वर्गातल्या मुली हसतात. हा शरीराचा धर्म आहे, कधी आजार आहे; पण लाज वाटावी असे त्यात काही नाही. आपल्या मुलींना हे आरशाने सांगण्याआधी आपणच सांगू या.