पिसदुऱ्याचे दगड

आपल्या मंडळाची यंदाची जुलैतली सहल ड्रमहेलरच्या रॉयल टिरेल म्युझियमला गेली. बस सुटायची वेळ सकाळी ८ची, म्हणजे मंडळाच्या घड्याळाप्रमाणे ९.१०ला आम्ही कॅल्गरीतून निघालो. दोन्ही बाजूंना कनोलाची पिवळीधमक शेतं. अंताक्षरी रंगात आली आणि एकाएकी सपाट जमीन खाली खचून पट्ट्यापट्ट्यांच्या मातीच्या टेकड्या दिसू लागल्या. हाच तो बॅडलँड्सचा प्रदेश.

बाबांना आम्ही बरोबर घेतलं होतं. खरं सांगायचं तर हौसेनं नव्हे, घरी एकटं कसं ठेवायचं म्हणून. मे महिन्यात ते वरोऱ्याहून सहा महिन्यांसाठी आले. पहिला आठवडा कौतुकात गेला. मग आम्ही दोघं कामावर, मुलं त्यांच्या व्यापात आणि बाबा खिडकीशी. मुलांचं भरभर इंग्रजी त्यांना कळत नाही आणि त्यांचं वऱ्हाडी वळणाचं मराठी मुलांना. जेवताना ‘मीठ दे’, ‘पुरे’ एवढंच बोलणं उरलं होतं.

म्युझियम मात्र बघण्यासारखं आहे. १८८४ साली जोसेफ टिरेल नावाचा भूगर्भशास्त्रज्ञ या खोऱ्यात कोळशाचे साठे शोधत होता, त्याला सापडली अल्बर्टोसॉरसची कवटी! त्याच्याच नावानं हे म्युझियम १९८५ मध्ये उघडलं. आमच्या सगळ्यांचे पाय खिळले ते बोरिआलोपेल्टापाशी. २०११ मध्ये उत्तर अल्बर्टातल्या तेलवाळूच्या खाणीत यंत्र चालवणाऱ्या माणसाला हा सापडला. ११ कोटी वर्षांपूर्वीचा प्राणी, पण नुसता सांगाडा नाही. अंगावरचं चिलखत, खवले सगळं जागच्या जागी. जणू आत्ताच डोळा लागलाय. मार्क मिचेल यांनी सुमारे ७००० तास खपून त्याला दगडातून मोकळं केलं. पोटातल्या अन्नावरून त्यानं शेवटी काय खाल्लं तेही कळलं : नेचे.

“आमच्याकडे शेणावरून कळते,” बाबा म्हणाले.

मुलं वळली. “वरोऱ्याजवळ पिसदुरा आहे. तिथल्या शेतात या जनावरांच्या शेणाचे दगड भेटतात. कॉलेजात असताना प्रोफेसरांनी नेलं होतं आम्हाला.”

मुलांमध्ये खसखस पिकली. आमचे चिरंजीव सगळ्यांदेखत म्हणाले, “आजोबा, इंडियात डायनोसॉर नव्हतेच!” आणि आम्ही? आम्ही त्याला गप्प करायचं सोडून म्हणालो, “बाबा, राहू द्या ना आता.”

बाबा राहिले. जेवणाच्या वेळी सगळे मसालेभात आणि बटाटेवड्यांवर तुटून पडले होते. बाबा टोकाच्या बाकावर पानात वडा तसाच ठेवून टेकड्यांकडे बघत होते.

परतताना बसमध्ये, काहीशा अपराधी मनानं, आम्ही फोनवर शोधलं. आणि तोंडात मारल्यासारखं झालं. पिसदुऱ्याचे जीवाश्म एकोणिसाव्या शतकातच स्टीफन हिस्लॉप यांनी गोळा केले होते. नागपूरचे मिशनरी हिस्लॉप, ज्यांचं नाव बाबांच्या कॉलेजला आहे! भारतातली पहिली डायनोसॉरची हाडं तर १८२८ मध्येच जबलपूरला मिळाली होती. पण कमाल पुढेच आहे. लखनौच्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिसदुऱ्याच्या याच शेणदगडांत गवताचे सूक्ष्म वाळूसारखे कण शोधले. २००५ साली ते ‘सायन्स’मध्ये छापून आलं. डायनोसॉरच्या काळात गवत असेल असं तोवर फारसं कुणी मानत नव्हतं. आणि ते गवत कसलं, तर भात आणि बांबूच्या कुळातलं!

इथे येऊन मास्टर्स केलेले आम्ही इंजिनिअर. म्युझियमच्या पाटीवरचा शब्द न् शब्द खरा मानला, आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं सांगणाऱ्या बापाला गप्प बसवलं.

अंताक्षरीचा माइक मागून घेतला आणि हे सगळं वाचून दाखवलं. शेवटी “बाबा, चुकलं आमचं” म्हटलं. बाबा एवढंच म्हणाले, “तेच तर सांगत होतो.”

मग मात्र मुलांनी त्यांना घेरलं. दगड केवढे? वास येतो का? नांगराला लागतात का? बाबा मुठी वळून आकार दाखवत होते. भाषा अडली तिथे मुलंच एकमेकांना अर्थ सांगत होती. कॅल्गरी आलं तरी चिरंजीव आजोबांच्या शेजारून हलले नाहीत.

घरी उतरताना त्यानं विचारलं, “आजोबा, मला एक दगड पाठवाल?”

“नाही,” बाबा म्हणाले. “इथून तरी हाडं नेऊ देतात का? ज्याची वस्तू तिथेच बरी. तूच ये.”

बाबांचं परतीचं तिकीट नोव्हेंबरचं आहे. डिसेंबरची आमची चार तिकिटं केवढ्याला पडतात, ते रात्री बघून ठेवलंय. आकडा वाचून झोप उडाली, पण चिरंजीवांना शब्द देऊन बसलो आहोत.