वाघाच्या कामाला गुराखी

आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेला मंडळात रात्री ढोर मारलं गेलं की सकाळी येणारा फोन बहुधा मराठीतून असतो. "साहेब, वाघानं कालवड मारली जी, लवकर या." अहवाल मी तेलुगूत लिहितो, पण मढ्यापाशी उभं राहून बोलणं सगळं मराठीत. वनखात्यात यायची इच्छा असलेली पोरं भेटली की मी त्यांना वाघ दिसल्याच्या गोष्टी सांगत नाही. त्या फोननंतरची दुपार कशी जाते, ते सांगतो.

पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्हा, आणि त्यात टिपेश्वरचं अभयारण्य. क्षेत्र जेमतेम दीडशे चौरस किलोमीटर. वाघांचे बछडे मोठे झाले की तिथे मावत नाहीत. नवी हद्द शोधत नदी उतरतात आणि कापसातुरीतून पुढे निघतात. 2019 मध्ये टिपेश्वरात रेडिओ कॉलर लावलेला तीन वर्षांखालचा नर आदिलाबाद जिल्ह्यातून फिरत फिरत थेट बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. इतक्या लांबच्या वाटेवर त्याने खाल्लं काय? रोही, रानडुक्कर आणि मध्येच कुणाचं तरी ढोर. आमचं काम तिथे सुरू होतं.

मढं हलवायचं नाही. आधी भोवतालची माती बघायची, कारण लोक जमले की पायाखाली ठसे जातात. मग फरफट कुठून कुठे गेली ते. पशुवैद्य नरड्यावरची कातडी सोलतात तेव्हा मी वाकून बघतो. सुळ्यांच्या भोकांभोवती मांसात रक्त साकळलेलं असेल, तर जिवंत जनावराला चावा बसला. भोकं कोरडी असतील, तर ढोर आधीच मेलेलं होतं आणि मागाहून कुणी खाल्लं. वाघ बहुतेकदा मागच्या फऱ्यापासून लागतो आणि कोठा ओढून बाजूला टाकतो. कुत्र्यांनी मारलेलं ढोर जागोजाग फाडलेलं असतं. एवढ्या पारखीवर त्या घराची भरपाई ठरते, म्हणून घाई करून चालत नाही.

मढं तिथेच राहू द्या, असं मालकाला सांगणं सगळ्यांत जड. ते उचललं तर उपाशी वाघ दुसरं ढोर मारणार. पण ज्याची गाभण गाय गेली, त्याच्या डोळ्यांसमोर वाघाने ती दोन रात्री खायची, हे त्याच्या गळी कसं उतरवायचं? आणि त्याच रात्री कुणी मढ्यावर थिमेट टाकलं तर? 2024 च्या जानेवारीत शेजारच्या आसिफाबाद जिल्ह्यात, कागजनगरच्या जंगलात वाघ मेले, ते मढ्यावर टाकलेल्या विषाने. म्हणून मी तिथे बसून राहतो, चहा आला तर घेतो, गाय कितव्या वेताची होती ते विचारतो.

इथेच मला गुराख्याचं पोर हवं असतं. मारुती चितमपल्लींची पुस्तकं वाचून जंगलाकडे वळलेली मुलं मला मनापासून आवडतात, आणि देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत शिकलेल्यांकडून मी कॅमेरा ट्रॅप जोडीने का लावायचे ते शिकलो: वाघाच्या दोन बाजूंचे पट्टे सारखे नसतात. पण रानात ढोरं बिथरून एकाच दिशेला कान टवकारतात तेव्हा तिकडे काय असावं, हे मला आमच्या कोलाम ट्रॅकरनेच दाखवलं. लहानपणापासून ढोरांमागे फिरलेला माणूस तो. गाय गेल्यावर घरातलं काय काय जातं, हेही त्याला माहीत आहे. त्याचा मालकाशी बोलण्याचा सूर माझ्यापेक्षा खरा असतो. अशा माणसांना रोजंदारीवर, हंगामापुरतं ठेवलं जातं, हे मला पटत नाही. त्यांना कायमची नोकरी आणि विमा मिळाला पाहिजे.

पंचनाम्यावर सह्या झाल्या की आम्ही दोघं मढ्याजवळच्या झाडांना कॅमेरे बांधतो. मग भरपाईचा कागद घेऊन मी त्याच संध्याकाळी ऑफिस गाठतो. पैसे वेळेत आले, तर पुढच्या वेळीही त्या गावातून फोन येतो.