तिथीची पाऊणपट

माझ्या सासूबाईंचा समज आहे की सून फार देवभोळी आहे. दिवाळीनंतर कोकणात जायचं ठरलं की मी भिंतीवरचं कॅलेंडर खाली उतरवते, तिथ्या बघते, बोटांवर काहीतरी मोजते आणि मगच निघायची तारीख सांगते. ‘तिच्या माहेरी सगळं तिथीवर चालतं,’ असं त्या एकदा शेजारच्या काकूंना कौतुकानं सांगत होत्या. मी खुलासा केला नाही. खरी गोष्ट एवढीच की मला सूर्यास्ताला ओहोटी हवी असते.

हा हिशेब मला हर्णैजवळ आम्ही उतरतो त्या घराच्या मालकांनी शिकवला. पहिल्या वर्षी मी रंगांची पेटी, पॅड, घडीचं स्टूल घेऊन संध्याकाळी ऐटीत निघाले आणि दहा मिनिटांत परत आले. पाणी पार सुरूच्या झाडांपर्यंत चढलेलं, बसायला जागाच नाही. काका ओटीवर सुपाऱ्या निवडत होते. म्हणाले, “ताई, आज तिथी कोणती? षष्ठी ना? मग सहाची पाऊणपट करा. साडेचार. साडेचाराला पूर्ण भरती. आता सहाला तुम्हाला वाळू कुठली दिसायला?”

तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. सप्तमीला सव्वापाच, अष्टमीला सहा. पक्ष शुक्ल असो की कृष्ण, हिशेब तोच. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, त्याच्यामागून भरतीही तेवढी पुढे सरकते. पाऊणपटीत ती पंचेचाळीस मिनिटं होतात. पाव-अर्ध्या तासाचा फरक पडतो, पण तोंडी हिशेबाला तेवढं चालतं. मलाही चालतं.

ओहोटीच का, ते सांगते. कोरडी वाळू रंगवायला कंटाळवाणी. पाणी मागे सरकत असतं तेव्हा सपाट वाळूवर पाण्याचा पातळ पापुद्रा राहतो आणि सगळं आभाळ त्यात उतरतं. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून बसलेला, त्यामुळे सूर्य समोर आणि त्याचा आरसा थेट आपल्या पायांपर्यंत. अमावास्येला आणि पौर्णिमेला दुपारी बाराच्या सुमारास भरती, म्हणजे सहाला पूर्ण ओहोटी. शिवाय ती उधाणाची, पाणी सगळ्यांत लांब जातं. म्हणजे वर्षातल्या उत्तम आरशांपैकी एक लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी असतो आणि नेमकी तेव्हा मी घरी पणत्यांत तेल घालत असते. म्हणून भाऊबीज उरकली की तृतीयेला निघायचं. त्या दिवशी सव्वादोनची भरती, सहापर्यंत पाणी बरंच उतरलेलं आणि अजून उतरतंय. ती धरून तीन संध्याकाळी माझ्या. सप्तमी आली की समुद्र सूर्यास्तालाच काठोकाठ भरतो. मग मी पेटी मिटते आणि पूर्णवेळ कुटुंबवत्सल होते.

नवशिके या ओल्या वाळूतच फसतात. चमकते म्हणून तिला आभाळाएवढी उजळ करतात, कधी आभाळाहून उजळ. एरवी प्रतिबिंब आभाळापेक्षा थोडं गडदच असतं. मी आभाळाचा वॉश मारून झाला की त्याच थारोळ्यात बर्न्ट सिएनाचं एक बोट घालते आणि तोच रंग वाळूला वापरते. सूर्याचा पट्टा मात्र रंगवायचा नसतो, सोडायचा असतो. पारदर्शक जलरंगात पांढरा म्हणजे कागद. तो एकदा गेला की गेला. चाळीस मिनिटांनी सूर्य कुठं असेल, पट्टा कुठून येईल, हे पहिल्या मिनिटाला ठरवायचं आणि मग प्रत्यक्षात काहीही होवो, ठरवलेलं बदलायचं नाही. आमचे सर म्हणायचे, उन्हाच्या मागे धावू नका, तुमच्यापेक्षा त्याचा वेग जास्त आहे.

सकाळची गंमत वेगळी, आणि माझ्या मते कमी. सूर्य मागून येतो, त्याच्या आणि आपल्यामध्ये डोंगर आणि माड-पोफळी. ऊन वाळूवर उतरायलाच वेळ लागतो. उतरलं की सुवर्णदुर्गावर थेट समोरून पडतं; तटाचे दगड न् दगड मोजून घ्या, पण चित्र सपाट. पर्यटकांना तो सकाळचा आवडतो. मला संध्याकाळचा. उन्हाच्या उलट बाजूनं पाहिलेला किल्ला म्हणजे अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाचा एकच हात. तळाशी पाण्याची रेघ ओली असतानाच बोटानं पुसली की झालं.

कॉलेजात असताना ‘लँडस्केपला जायचं’ म्हणजे दिवसभराचा मामला असायचा. सहलीत मला मिळतो पाऊण तास. कागद पंधरा बाय अकरा इंचांचा, त्याहून मोठा घ्यायचा नाही. राहण्या-जेवणाची सोय घरगुती असते, म्हणजे चुलीपाशी दुसरं कोणी आहे, म्हणूनच हा पाऊण तास मला मिळतो, हे इथं स्पष्ट लिहिलेलं बरं. शिवाय तो पूर्ण माझा नसतोच. “चित्र काढणारी बसलीच आहे ना एका जागी, तिच्याजवळ ठेवा,” असं म्हणत बरोबरची माणसं चपला, मोबाइल, चष्मे, टॉवेल माझ्याभोवती रचून पाण्यात जातात. माझ्या तीन-चार चित्रांत पुढच्या बाजूला चपलांचा ढीग आहे. कोणीतरी त्याला प्रदर्शनात ‘अनुपस्थितीचं प्रतीक’ म्हटलं. मी मान हलवली.

पोज देत माझ्यापुढे कोणी बसत नाही. क्लोद मोनेचं नशीब बरं. 1870च्या जूनच्या शेवटी त्याचं कामीयशी लग्न झालं आणि त्या उन्हाळ्यात बायको आणि लहानग्या जाँला घेऊन तो फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर ट्रूव्हिलला राहिला. तिथं त्यानं कामीयला वाळूवर बसवून भराभर लहान लहान चित्रं केली. त्यातलं एक लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे आणि त्याच्या रंगात वाळूचे कण आणि शिंपल्यांचे तुकडे अडकलेले सापडले. म्हणजे ते तिथंच, वाऱ्यात बसून केलं, याचा पुरावाच. तैलरंग ओला असताना जे चिकटेल ते कायमचं. जलरंगाचं तसं नाही. वाळू उडून बसते, चित्र सुकलं की फुंकर मारली, निघून जाते.

निदान मी तसं समजत होते.

दुसरी अडचण सुकण्याची. संध्याकाळी हवा इतकी दमट की पहिला वॉश वाळायची वाट बघत सूर्य बुडतो. त्यावर आमच्या घरातला तोडगा म्हणजे नुकत्याच थांबलेल्या गाडीचं गरम बॉनेट. नवरा हर्णैच्या बंदरावरून लिलावातली मासळी घेऊन आला की मासळी स्वयंपाकघरात आणि माझं चित्र बॉनेटवर. कागद चांगला तीनशे ग्रॅमचा असेल तर फुगत नाही.

एका वर्षी मात्र बॉनेटचाही उपयोग झाला नाही. आभाळ अर्धं झालं होतं, मगमधलं पाणी गढूळ झालं. समोर पुतण्या ओला उभा होता. त्याला म्हटलं, पळत जा आणि नळाचं पाणी घेऊन ये. तो मिनिटभरात हजर. एवढ्या लवकर कसा, हे माझ्या डोक्यात आलं नाही. आभाळ ओलं होतं, मी तसाच ब्रश बुडवला. रंग छान वाहिला. जेवणं झाल्यावर पाहिलं तर वरचा उजवा कोपरा ओला. सकाळीही ओलसर, आणि उन्हात धरल्यावर बारीक चमचम. तेव्हा विचारलं. “काकू, घरी कशाला जायचं? एवढं पाणी होतं की समोर!”

ओल्या रंगावर मिठाचे खडे टाकून चांदण्या उमटवायची एक युक्ती असते. ती मला कधीच आवडली नाही. सगळ्यांच्या चांदण्या सारख्याच. पण त्यात मीठ नंतर झाडून टाकता येतं. समुद्राच्या पाण्यातले क्षार कागदाच्या धाग्यांत मुरतात. त्यातलं मॅग्नेशियम क्लोराइड हवेतलं पाणी ओढून घेतं; घरातलं जाडं मीठ पावसाळ्यात पाझरतं, तेही याच्यामुळेच. असलं चित्र काचेमागे बंद करणं धोक्याचं, बुरशी धरायची. त्यामुळे ते फ्रेम न करता टिपकागदात ठेवलंय.

त्या संध्याकाळी तृतीया होती, वाळू मैलभर आरशासारखी होती, आणि खरं सांगायचं तर मी केलेलं ते सगळ्यांत चांगलं आभाळ आहे. पुतण्या आता इंजिनीअर झाला. पुण्यातल्या आमच्या घरात जुलै लागला की मी फाइल उघडून वरच्या उजव्या कोपऱ्याला बोट लावून बघते. यंदाही ओलसर होता.