पाचवा फाउल

सामन्याचं चित्रीकरण नाही. फोटो एकच, तोही खेळ सुरू होण्याआधीचा: दोन रांगांत उभ्या-बसलेल्या मुली, मधलीच्या मांडीवर बॉल, आणि सगळ्यांचे डोळे उन्हानं बारीक झालेले. एवढ्या भांडवलावर मी चाळीसएक वर्षांपूर्वीची बास्केटबॉलची एक फायनल पडद्यावर उभी करायला निघाले होते. फिल्म ज्यांच्यावर होती त्या ताई नागपूरच्या. खेळाडूंच्या कोट्यातून रेल्वेत लागल्या, तिथंच निवृत्त झाल्या.

पहिल्या मुलाखतीत मी नको तेच केलं. लाइट लावले, लेपल माइक नीट टोचला आणि विचारलं, "लग्नानंतर खेळ सुटला तेव्हा काय वाटलं?" पुरुष खेळाडूवरच्या फिल्ममध्ये हा प्रश्न मी कधी ऐकलेला नाही. बाईवरच्या फिल्ममध्ये मात्र तो आपोआप तोंडात येतो, जणू परवानगीच्या अर्जावरचा रकाना. ताई म्हणाल्या, "काय वाटणार? वाटलं थोडं." आणि पदर सारखा करून गप्प बसल्या. दीड तासाच्या रशेसमधून कामाचं मिनिटभरही निघालं नाही.

मग मी 'द क्वीन ऑफ बास्केटबॉल' पुन्हा लावली. बेन प्राउडफूटची 2021ची, 22 मिनिटांची फिल्म. मिसिसिपीतली लुसिया हॅरिस थेट आपल्या डोळ्यांत बघून बोलते, बोलता बोलता हसते, आणि मधे मधे तिचा जुना खेळ दिसतो. बस. निवेदक नाही, तज्ज्ञ नाहीत, तिचं मोठेपण पटवून देणारा कोट घातलेला कुणी गृहस्थ नाही. पहिल्यांदा पाहताना मी तिच्यात रमले होते. या वेळी एडिटर म्हणून पाहिली आणि निव्वळ हेवा वाटला. तिच्या कॉलेजचे, डेल्टा स्टेटचे सामने 16 मिलिमीटर फिल्मवर होते. सहा फूट तीन इंचांची ती बाई रिंगखाली उभी राहते, हात वर करते, बॉल येतो, वळते, टाकते. 1975, 76, 77, सलग तीन राष्ट्रीय विजेतेपदं. 1976मध्ये माँट्रियलला बायकांचं बास्केटबॉल पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आलं (पुरुषांचं 1936 पासून होतं), आणि त्यातले पहिले गुण हिचे.

1977मध्ये न्यू ऑर्लिन्स जॅझ या पुरुषांच्या एनबीए संघानं सातव्या फेरीत, 137व्या क्रमांकावर तिची निवड केली. ती तेव्हा गरोदर होती. गेली नाही. माझ्या हातात हे आलं असतं तर मी यावरच अख्खी फिल्म उभारली असती: गमावलेली संधी, व्हायोलिन, खिडकीबाहेरचा पाऊस. फिल्ममध्ये ती हे हसत सांगते, आपल्याला त्याची खंत नाही म्हणते, आणि दिग्दर्शक तिचा शब्द मानतो. तिचा आवाज खरोखर जड होतो तो वेगळ्याच जागी. कॉलेज संपल्यावर तिच्यासारखीनं पुढे खेळायचं कुठं? बायकांच्या व्यावसायिक लीगमध्ये ती एकच हंगाम खेळली आणि ती लीगही लवकरच बुडाली. डब्ल्यूएनबीएचा पहिला हंगाम 1997चा. मधल्या काळात तिच्या मनाचा आजार बळावला. दुःख कुठं आहे हे तिनंच दाखवलं. कापणाऱ्यानं ते स्वतःच्या सोयीनं हलवलं नाही. जानेवारी 2022मध्ये ती वारली आणि मार्चमध्ये फिल्मला ऑस्कर मिळालं. त्या रात्रीचं जगाला काय आठवतं, तर एका नटानं मंचावर मारलेली थप्पड.

तिच्या प्रशिक्षक मार्गारेट वेड यांची गोष्ट मला त्याहून छळते. 1930च्या दशकाच्या सुरुवातीला त्या याच कॉलेजकडून खेळत होत्या. हा खेळ मुलींना झेपणारा नाही असं सांगून कॉलेजनं संघच बंद केला. मुली रडल्या आणि त्यांनी आपले गणवेश जाळले. सुमारे चाळीस वर्षांनी, 1973मध्ये, संघ पुन्हा उभा राहिला तेव्हा प्रशिक्षक म्हणून आल्या त्या साठीच्या वेडबाई. त्या होळीचं अर्ध्या मिनिटाचं रीळ कुणी मला आणून दिलं, तर तिन्ही विजेतेपदांच्या रिळांवर मी पाणी सोडेन.

दुसऱ्या खेपेला ताईंकडे गेले तेव्हा कॅमेरा पिशवीतच ठेवला. घरात जे कागद असतील ते दाखवा, म्हटलं. त्यांनी प्लास्टिकची फाइल काढली. प्रशस्तिपत्रं, बदलीचा हुकूम, प्रवासभत्त्याचं बिल, आणि त्यांच्यामध्ये चार घड्या घातलेला गुलाबी कागद. त्या फायनलच्या स्कोअरशीटची कार्बन प्रत. मूळ प्रतीखाली अशा प्रती निघतात, हरलेल्या संघालाही एक मिळते. ताईंचा संघ हरला होता.

मला तो कागद म्हणजे नुसते आकडे. ताईंनी चष्मा लावला आणि गाणाऱ्यानं नोटेशन वाचावं तसा वाचायला लागल्या. दोन्ही संघांचे गुण चढत्या क्रमानं छापलेले, प्रत्येक बास्केटशेजारी ती टाकणारीचा नंबर. मैदानातून टाकलेल्याला तिरकी रेघ, फ्री थ्रोला ठिपका. बायकांची नावं डावीकडे, प्रत्येकीपुढे फाउलचे पाच चौकोन. "हे बघ, इथं चौदा-चौदा. मग सात नंबरनं टाकला. परत सातनं. परत. ही डावखुरी होती अन् आम्ही तिची उजवी बाजू अडवून राहिलो होतो, मूर्खासारख्या!" मी घाईघाईनं रेकॉर्डर सुरू केला. कॅमेऱ्याच्या नादी लगेच लागले नाही; तो नंतर काढला, फक्त कागदापुरता. तेव्हा वीस-वीस मिनिटांचे दोन हाफ असत. पहिला वाचायला त्यांना पंचवीस मिनिटं लागली.

तर मला सामना मिळाला होता, क्रमासकट. कोण थकलं, कोण तापलं, कुठं सलग आठ गुण गेले, सगळं. आता हवा होता आवाज. साउंड लायब्ररीतलं बास्केटबॉल सगळं लाकडी कोर्टाचं: बुटांची चुईचुई, बॉलचा गोल, गुबगुबीत नाद. ताई खेळल्या सिमेंटवर. मग आम्ही पहाटे पाचला एका जुन्या मैदानावर गेलो. सिमेंटवर बॉल कोरडा आपटतो, त्यामागून बारीक वाळूची खरखर येते, आणि जाळी नसलेल्या रिंगला लागला तर ठण्ण. 1975ची फायनल डेल्टा स्टेटनं ज्यांना हरवून जिंकली त्या इमॅक्युलाटा कॉलेजच्या सामन्यांना नन्स बादल्या बडवायच्या म्हणे. आमच्या वाट्याला एक दूधवाला आला. त्याची घंटा मी ठेवली आहे.

आता टाइमलाइनवर हा प्रसंग नऊ मिनिटांचा आहे. पडद्यावर बहुतेक वेळ गुलाबी कागद, त्यावरून सरकणारं ताईंचं बोट, खाली तो कोरडा आवाज. निर्मात्यांचं म्हणणं, चार मिनिटांवर आण, लोक मोबाइल काढतील. तीन ठिकाणी कापून पाहिलं. सामना कळतो, पण ताई नुसती माहिती देणाऱ्या बाई होऊन बसतात.

कापायला सगळ्यात सोपी जागा शेवटची. दुसऱ्या हाफमध्ये ताईंचं बोट डावीकडे स्वतःच्या नावापाशी जातं. पाचही चौकोन भरलेले. पाचवा फाउल, म्हणजे बाहेर. इथं त्या वाचायच्या थांबतात. बावीस सेकंद काहीच नाही, फक्त पंख्याचा आवाज. मग एकदम बोली बदलते.

"हा माझा नव्हता. हातच नाही लावला मी तिले."

मी विचारते, "ताई, मग कुणाचा होता?"

"माझ्या मागं अकरा नंबर उभी होती. तिचा. पंचाले दिसलंच नाही." बोट कागदावर दोनदा आपटतं. "तू लिही हे. कुठं लिहितेस? इथं लिही, बाजूला."